लाटणे आणि वाणसामानाची यादी

लाटणे ही आपल्या हातातली रोजची वस्तू. परंतु १९७२ साली मुंबईच्या बायकांनी ते स्वयंपाकघरातून उचलून रस्त्यावर आणले, ती हकीकत आपल्या स्मरणिकेत यावी असे मला वाटले.

महाराष्ट्रात तेव्हा मोठा दुष्काळ होता. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांचे भाव चढत होते आणि रेशनच्या रांगेत उभे राहूनही पुष्कळदा पिशवी रिकामीच घरी यायची. समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर अशा भगिनी पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र आल्या आणि महागाईच्या प्रतिकारासाठी बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. थाळीवर लाटणे आपटीत मोर्चे निघाले. कधी सभेलाही न गेलेल्या गृहिणी त्यांत होत्या. मागणी साधी होती: माल दडवू नका, रास्त भावाने सर्वांना द्या. पुढे आणीबाणीत या तिघींनाही तुरुंगवास घडला.

मोर्च्याने सरकारला जाग येते. पण दुसऱ्या दिवशी दुकानदार सांगेल तोच भाव, हे तर राहतेच. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तिने निराळी वाट धरली. बिंदुमाधव जोशी आणि आपल्या सर्वांचे आवडते गायक सुधीर फडके हे तिच्या संस्थापकांपैकी. (बाबूजींचे गाणे ठाऊक असते, हे काम ठाऊक नसते!) शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करायचा. प्रत्येकीने महिन्याच्या सामानाची यादी द्यायची. सगळ्या याद्यांची बेरीज करून माल घाऊक घ्यायचा, आणि तो एका सभासदाच्या घरी उतरवून तिथेच वाटप करायचे. एकटीने भावाची घासाघीस केली तर वाणी हसतो. शंभर घरांची यादी पुढे ठेवली की त्याला कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

मोर्च्याचे फोटो छापून येतात, यादीचे कोण छापणार? ज्या घरी माल उतरतो तिथल्या बाईची सबंध दुपार त्यात जाते. कुणाची साखर राहिली, कुणाकडे सुटे नाहीत, कुणी न्यायलाच आले नाही. पुरुषमंडळी कचेरीत, म्हणून हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते, आणि तेही बिनमोबदला.

आपल्या मंडळात दिवाळीचे सामान एकत्र आणण्याचे बोलणे चालू आहे. माझा त्याला पाठिंबाच आहे. फक्त माल कुणाकडे उतरवायचा आणि वाटायला कोण बसायचे, याची पाळी आधी लिहून काढावी. दर वेळी त्याच दोघी नकोत.