वात, झीज आणि हाडे खाणाऱ्या पेशी

वैनगंगेकाठी गोसीखुर्दच्या परिसरात धानाची रोवणी सुरू झाली की बायकांची बोटे दिवसदिवस चिखलात असतात. त्यांतल्या एखादीची बोटे सुजली, सकाळी तासभर मूठ वळेनाशी झाली, तर निदान घरातच होते : वात. कारणही ठरलेले असते : कष्टाने हाडांची झीज झाली. म्हातारपणीच्या गुडघेदुखीपुरते हे फारसे चूक नाही. पण ऱ्हुमॅटॉइड संधिवातात हाड झिजत नाही. ते खाल्ले जाते, आणि खाणाऱ्या पेशी शरीराच्याच असतात. हा फरक वैद्यकशास्त्राला उमगायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

आठव्या शतकाच्या आसपासच्या 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. सुजलेले सांधे, विंचू डसल्यासारखी वेदना, मंदावलेला अग्नी ही त्यातली लक्षणे. आमवात म्हणजे आजचा हाच रोग, असे सरसकट म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र माधवकराने कारण सांध्याच्या वापरात न शोधता शरीराच्या आत शोधले, हे नोंदवण्याजोगे आहे.

युरोपात १८०० साली पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातल्या नऊ स्त्रियांच्या आजाराचे वर्णन लाँद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात केले. त्याला तो गाउटचाच एक प्रकार वाटला. १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने हा आजार गाउटपासून वेगळा काढला आणि त्याला आजचे नाव दिले. पुढे क्ष-किरण आले आणि सांध्याच्या कडेला हाड कुरतडल्यासारख्या खाचा स्पष्ट दिसू लागल्या. त्या कोण पाडतो, हे मात्र दिसत नव्हते.

गंमत अशी की गुन्हेगाराची ओळख आधीच झालेली होती. जर्मनीत कोलिकरने १८७३ मध्येच हाड विरघळवणाऱ्या, अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशींना 'ऑस्टिओक्लास्ट' हे नाव दिले होते. निरोगी शरीरात या पेशी जुने हाड काढतात आणि दुसऱ्या पेशी तिथे नवे भरतात. हे काम जन्मभर चालू असते. संधिवाताचा विचार करणाऱ्यांचे लक्ष मात्र बराच काळ सांध्याच्या सुजलेल्या, कूर्चेवर पसरत जाणाऱ्या अस्तरावर खिळून राहिले.

दुवा जुळला १९९० च्या दशकाच्या अखेरीस. रँक-एल हा रेणू रक्तातून आलेल्या काही पांढऱ्या पेशींना एकत्र येऊन ऑस्टिओक्लास्ट होण्याचा हुकूम देतो, हे १९९८ च्या सुमारास सिद्ध झाले. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सुजलेल्या अस्तरातल्या पेशीच हा रेणू मोठ्या प्रमाणात तयार करतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे दाहाचे निरोपे त्या हुकुमाला जोर देतात, आणि हाड भरणाऱ्या पेशींचे काम दाहामुळे मंदावते. मग ऑस्टिओक्लास्ट हाडाला चिकटतात, आम्लाने त्यातले क्षार विरघळवतात आणि विकराने उरलेला सांगाडा पचवतात. २००१ मधला एक प्रयोग फार बोलका आहे : रँक-एल नसलेल्या उंदरांमध्ये संधिवात उत्पन्न केला, तेव्हा सांधे सुजले, पण हाड जवळपास शाबूत राहिले.

म्हणजे वेदना आणि हाडाचा नाश या एकाच दाहाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. साध्या वेदनाशामकाने दुखणे उतरते, खाचा वाढतच राहतात. 'बरं वाटतंय' म्हणून घालवलेली दोन वर्षे अनेकदा बोटे वाकडी करून जातात, आणि पडलेली खाच सहसा भरून येत नाही.

१९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० चे नोबेलही मिळाले. पण तेच औषध दीर्घकाळ घेतल्याने हाडे पोकळ होतात, हे लवकरच कळून आले. अधिक टिकाऊ उत्तर दुसरीकडून आले. आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात कर्करोगासाठी फोलेट-विरोधी औषधे घडली. त्याच कुळातल्या मेथोट्रेक्सेटला या संधिवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ मध्ये, म्हणजे राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली त्याच वर्षी. आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रक्ततपासणीच्या देखरेखीखाली चालणारे हे स्वस्त औषध दाहालाच आवर घालते आणि त्यामुळे हाडही वाचवते.

महाराष्ट्राच्या खेड्यांत हा रोग किती, याचे मोजमाप १९९६ पासून झाले तेही एका धरणाच्या काठी. उजनीच्या फुगवट्यालगतच्या भिगवणमध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. सांधे-स्नायूंचे दुखणे सांगणारे शंभरात अठरा निघाले. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे साधारण दोनशेत एक. गावात मात्र दोन्हींना शब्द एकच : वात.