शुभवर्तमानातील प्रसंगाचे ध्यान
शुभवर्तमानातील एखादा प्रसंग वाचावा, डोळे मिटावेत आणि कल्पनेने त्या प्रसंगात जाऊन उभे राहावे, अशी ध्यानाची एक पद्धत ख्रिस्ती परंपरेत आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी ती आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात मांडली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये ग्रंथास मान्यता दिली. ख्रिस्तजन्माचे ध्यान करताना नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट किती लांब, सपाट की डोंगरदऱ्यांतली, हे साधकाने मनश्चक्षूंनी पाहावे आणि मरिया व योसेफ यांचा दीन सेवक होऊन तेथे वावरावे, असे त्यात सांगितले आहे. वाटेचे वर्णन मात्र दिलेले नाही. भोर-वेल्हे परिसरातील साधकाला ती वरंध घाटासारखी दिसली, तरी बाध येत नाही.

पुणे जिल्ह्यात या ध्यानाला भारतीय वळण दिले ते मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी. त्यांची 'साधना' ही संस्था पुण्यात सुरू होऊन पुढे लोणावळ्यास गेली. त्यांच्या 'साधना' (१९७८) या इंग्रजी पुस्तकात श्वासाकडे लक्ष देण्याच्या अभ्यासाबरोबर अशी कल्पनाध्यानेही आहेत. डिमेलो यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे व्हॅटिकनने १९९८ मध्ये जाहीर केले. त्यांचे सुरुवातीचे लेखन मात्र ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेतच राहिले, अशी नोंदही त्याच निवेदनात आहे.