ताल: देहाचा आणि कानाचा

संगीत हें केवळ कानांनीं ऐकावयाचें असतें, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि बाळाला मांडीवर झुलवीत अंगाई गाणाऱ्या मातेला हा समज अपुरा आहे हें केव्हांपासूनच ठाऊक आहे. तिचें हें ज्ञान विद्यालयांत नेऊन त्याची शिस्तबद्ध पद्धति बनविण्याचा मान एमिल जाक-दालक्रोझ यांजकडे जातो.

त्यांचा जन्म १८६५ सालीं व्हिएन्ना येथें स्विस मातापित्यांच्या पोटीं झाला. १८९२ सालीं ते जिनीव्हा येथील संगीतविद्यालयांत स्वरसंवादाचे अध्यापक झाले. तेथें त्यांना आढळलें कीं, विद्यार्थी कागदावर स्वर नियमानुसार मांडीत, परंतु मांडलेलें त्यांना मनांत ऐकूं येत नसे. ज्यांची लय वादनांत चुके, तेच रस्त्यानें मात्र सम पावलें टाकीत चालत. तेव्हां लय देहांत आहेच, ती कानापर्यंत पोंचविली पाहिजे, असें त्यांनीं ताडलें. पावलांनीं स्वरांची लांबी व हातांनीं मात्रा दाखवीत चालावें, असा पाठ त्यांनीं सुरू केला.

या शिक्षणासाठीं १९११ सालीं जर्मनींत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथें मोठी संस्था उभी राहिली. परंतु १९१४ सालीं महायुद्धांत रीम्सच्या प्राचीन कॅथेड्रलवर जर्मन तोफांचा मारा झाला, तेव्हां दालक्रोझ यांनीं निषेधपत्रावर सही केली. त्या सहीपायीं त्यांना हेलेराऊला मुकावें लागलें. तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. १९१५ सालीं जिनीव्हा येथें नवी संस्था काढली व १९५० सालीं मृत्यु येईपर्यंत कार्य चालविलें.

पुढें २००५ सालीं कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर व लॉरेल ट्रेनर यांनीं सात महिन्यांच्या बालकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आघातरहित असा एकच ताल वाजत असतां कांहीं बालकांना दर दुसऱ्या, तर कांहींना दर तिसऱ्या मात्रेवर झुलविलें. नंतर आघातयुक्त ताल ऐकविले, तेव्हां आपल्या झुलण्याशीं जुळणारा तालच बालकांनीं अधिक वेळ ऐकला. डोळे बांधले तरी फळ तेंच. मात्र दुसऱ्याला झुलतांना नुसतें पाहून तें मिळेना.

सबब, गायनाच्या तालमींत एखादें मूल पायानें ठेका धरूं लागल्यास वडील मंडळींनीं त्याला लगेच दटावूं नये. कदाचित् तें त्याच वेळीं नीट ऐकावयास शिकत असेल.