वांद्रे रेक्लमेशन ते विरार : श्रवणसेवेची चार दशके

पश्चिम द्रुतगती महामार्गाचे अधिकृत नाव अली यावर जंग मार्ग असे आहे. वसई-विरारहून रस्त्याने मुंबई गाठणारे त्यावरून रोज जातात, पण हे नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येते. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू आणि अनेक देशांतील भारताचे राजदूत राहिलेले अली यावर जंग १९७० मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्याच पदावर असताना डिसेंबर १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या घरातले मूल हाकेला वळत नाही, त्या घराला मात्र हे नाव लवकरच माहीत होते. वांद्रे रेक्लमेशनवरची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था याच नावाने ओळखली जाते.

संस्थेच्या आधीही मुंबईत कर्णबधिरांसाठी काम होत होते. देशातली पहिली मूकबधिर शाळा १८८०च्या दशकात याच शहरात उभी राहिली. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे कर्णबधिर मुलांचा सगळा भार शिक्षकांवर होता. मुलाला नेमके किती ऐकू येते, कोणते आवाज येतात आणि कोणते निसटतात हे मोजणारा व्यवसायच देशात नव्हता. १९६५ मध्ये म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था निघाली. त्यापाठोपाठ १९६६ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑडिओलॉजी व स्पीच थेरपीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. महापालिकेच्या रुग्णालयाने त्या काळात हे धाडस केले, याची नोंद म्हणावी तितकी घेतली गेलेली नाही. मात्र बाहेर पडणारे पदवीधर मोजकेच होते, आणि त्यांतलेही कितीतरी परदेशी गेले.

१९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्या निमित्ताने केंद्र सरकारने अपंगत्वाच्या प्रत्येक प्रकारासाठी एक राष्ट्रीय संस्था उभारण्याचे धोरण आखले, आणि श्रवणदोषाची संस्था मुंबईच्या वाट्याला आली. ९ ऑगस्ट १९८३ रोजी तिची स्थापना झाली. तिच्याकडे एकाच वेळी चार कामे सोपवण्यात आली: रुग्णसेवा, मनुष्यबळ घडवणे, संशोधन आणि समाजात जाऊन काम करणे. पुढे कोलकाता, दिल्ली, सिकंदराबाद आणि भुवनेश्वर येथे तिची केंद्रे निघाली. इमारतीपेक्षा माणसे मिळवणे अवघड होते. शिकवणारे तेच, तपासणारे तेच आणि शिबिरांना जाणारेही तेच, अशी अवस्था बराच काळ होती.

त्या काळातली तपासणी आजच्या मानाने साधी होती, पण नेटाची होती. ध्वनिरोधक खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवायचे, ऐकू येताच रुग्णाने बोट वर करायचे, आणि त्यावरून ऑडिओग्राम काढायचा. मोठ्या माणसाबाबत हे जमते. दीड वर्षाच्या बाळाला बोट वर कर असे कसे सांगणार? मग खुळखुळा, ढोलकी, आईची हाक, आणि बाळाच्या डोळ्यांची हालचाल टिपणारी तज्ज्ञाची नजर यांवरच भिस्त असे. झोपलेल्या बाळाच्या मेंदूकडून उत्तर मिळवणारी बेरा चाचणी आणि काही मिनिटांत आंतरकर्णाचा प्रतिसाद पाहणारी ओएई चाचणी पुढे रुळली. तरीही अनुभवी ऑडिओलॉजिस्ट आजसुद्धा यंत्राच्या अहवालाला बाळाच्या वागण्याशी ताडून पाहिल्याशिवाय सही करत नाहीत.

श्रवणयंत्रांचेही तसेच. सुरुवातीला मिळत ती खिशात ठेवायची, दोरीने कानाशी जोडलेली. शर्टाच्या कापडाची खसखस त्यांत बोलण्याइतकीच मोठी ऐकू येई, आणि दोरी तुटली की मूल पुन्हा शांततेत. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजूंना यंत्रे मिळू लागली, तरी यंत्र हातात पडणे हा कामाचा अर्धाच भाग होता. कानाच्या मापाचा मोल्ड नीट बसला नाही तर शिट्टी वाजते, आणि वाढत्या मुलाचा मोल्ड काही महिन्यांतच सैल होतो. साचा घेणारे, तो घासून गुळगुळीत करणारे तंत्रज्ञ या सगळ्या वाटचालीत कुठल्याही छायाचित्रात दिसत नाहीत. त्यांच्या हातावर मात्र मुलांचे ऐकणे अवलंबून राहिले.

वसई-विरारकडून पाहिले तर ही संस्था पस्तीस ते पंचेचाळीस किलोमीटरवर होती, आणि तरीही लांब. बोरिवली-विरार मार्गाचे चौपदरीकरण पूर्ण झाले २००७ मध्ये. तोवर दोनच रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल एकत्र धावत. कडेवर मूल, पिशवीत यंत्र आणि डबा घेऊन विरार लोकलमध्ये शिरायचे, वांद्र्याला उतरायचे, पुढे बस धरायची, आणि पाऊण तासाची स्पीच थेरपी आटोपून गर्दीच्या आत परतायचे. हा क्रम एखाद्या दिवसाचा नसे, वर्षानुवर्षांचा असे. थेरपिस्ट मुलाला आठवड्यातून एखाद-दोनदा भेटणार, बाकीचे दिवस घरचेच. म्हणून आईला शिकवणे हाच उपचाराचा कणा ठरला: भाजी निवडताना भाजीचे नाव घे, नळ उघडताना पाण्याचा आवाज दाखव, बोलताना तोंड मुलाच्या समोर ठेव. श्रेयाची यादी करायची झाली तर त्यात या आयांना पदवीधरांच्या बरोबरीने बसवावे लागेल.

व्यवसायाला कायद्याचे बळ मिळाले ते भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने. १९९२ चा हा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. ऑडिओलॉजिस्टची परिषदेकडे नोंदणी सक्तीची झाली, आणि अभ्यासक्रमांना एक शिस्त आली. तीन वर्षांच्या पदवीचा पुढे इंटर्नशिपसह चार वर्षांचा अभ्यासक्रम झाला. कायदा आला तरी बाजार सुधारला, असे मात्र म्हणता येत नाही. चाचणीशिवाय, चष्म्याच्या काउंटरवर किंवा ऑनलाइन, आवाज वाढवणारी डबी ‘कानाची मशीन’ म्हणून आजही विकली जाते. ती काही दिवस वापरून कंटाळलेला रुग्ण ‘मशीनचा उपयोग नाही’ असे ठरवून टाकतो, आणि खऱ्या तपासणीपर्यंत तो पोहोचेतो मधली वर्षे गेलेली असतात.

आणखी एक अडचण खास इथल्या मातीची आहे. शब्द ओळखण्याच्या चाचणीसाठी जी मराठी शब्दसूची वापरतात, ती प्रमाण बोलीतली. वसई परिसरातल्या घरांत कुपारी, वाडवळी, आगरी, कोळी बोली आहेत. पूर्वेकडच्या पाड्यांवर वारली आहे. नालासोपाऱ्यात गुजराती, हिंदी आणि भोजपुरी. कुपारी बोलणाऱ्या आजींनी शब्द चुकवला, तर तो कानाने चुकवला की बोलीने, हे ठरवणे ऑडिओलॉजिस्टच्या जाणतेपणावरच सोडावे लागते. या कामाला भाषेचा कान लागतो, हे अभ्यासक्रमात जितके शिकवले जाते त्याहून जास्त बाह्यरुग्ण विभागात शिकायला मिळते.

नव्या शतकात संस्थेने आपली एक जुनी मर्यादाही ओलांडली. बराच काळ या क्षेत्राचा सगळा भर मुलाला बोलते करण्यावर होता, खुणांच्या भाषेकडे माघार म्हणून पाहिले जाई. २००१ मध्ये संस्थेत भारतीय सांकेतिक भाषेचे औपचारिक वर्ग सुरू झाले. उशिरा आलेल्या, यंत्राचा फारसा लाभ न होणाऱ्या मुलांसाठी आणि प्रौढ कर्णबधिरांसाठी हा निर्णय मोलाचा ठरला. तो आणखी आधी व्हायला हवा होता, हेही खरे.

२००७ मध्ये बधिरत्व प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरचा प्रारंभ झाला, तो पालघरमध्ये. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. २०१४ मध्येच सुधारित एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट आले. दर वर्षी ५०० मुलांसाठी, प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत अशी तरतूद झाली, आणि देशभरातल्या या कामाचे समन्वयन वांद्र्याच्या संस्थेकडे आले. शस्त्रक्रिया काही तासांची असते. नंतरचे मॅपिंग, म्हणजे यंत्र मुलाच्या ऐकण्याशी जुळवणे, आणि थेरपी यांना वर्षे लागतात, आणि तिथे पुन्हा विरार लोकलचा प्रश्न उभा राहतो.

पुढे संस्थेच्या नावातला ‘विकलांग’ गेला आणि ‘दिव्यांगजन’ आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक तूट असेल तर बधिर, आणि ६० ते ७० असेल तर श्रवणमंद अशी व्याख्या केली. वर्गात मागच्या बाकावर बसून अर्धेमुर्धे ऐकणारे ५० डेसिबलचे मूल या चौकटीबाहेर राहते. प्रमाणपत्रासाठी आलेल्या पालकांना हे समजावून सांगणे हा ऑडिओलॉजिस्टच्या दिवसातला सर्वांत नावडता भाग असावा. कुणी ऐकू येत असून बोट वर करत नाही, तर कुणी न येताही करतो. दोन्ही पकडणे भाग असते.

२०२० च्या टाळेबंदीने ओठ पाहून समजून घेणाऱ्यांचे ओठच मास्कआड नेले. थेरपी फोनच्या पडद्यावर आली. ती प्रत्यक्ष भेटीची जागा पूर्ण घेऊ शकली नाही, पण वसई ते वांद्रे हे अंतर दर वेळी तुडवायलाच हवे असे नाही, एवढे तिने दाखवून दिले.

आज वसई-विरारमध्ये खासगी श्रवण चिकित्सालये दिसतात. वांद्र्याच्या किंवा नायरच्या तालमीत तयार झालेल्यांना इथे मुंबईतल्या वर्गात नसलेल्या गोष्टींशी झगडावे लागते. रेल्वेलाइनजवळच्या गाळ्यात ध्वनिरोधक खोली बांधणे खर्चिक पडते. ऑडिओमीटरचे कॅलिब्रेशन दर वर्षी करावे लागते. खाऱ्या दमट हवेत यंत्रे लवकर खराब होतात, म्हणून रात्री ती सिलिका जेलच्या डबीत ठेवायला प्रत्येकाला बजावावे लागते. अर्नाळा-पाचूबंदरचे मच्छीमार बोटीच्या इंजिनाच्या आवाजात आयुष्य काढून मग ‘वय झाले’ म्हणत येतात. कानातला मळ समजून येणाऱ्यांपैकी काही खरेच ऑडिओलॉजिस्टच्या कामाचे असतात, तर काहींना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे लागते.

नवजात बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांत आणि उपचार सहा महिन्यांत सुरू व्हावेत, असा जगभर मान्य झालेला नियम आहे. पण प्रसूतीनंतर आई-बाळाला अनेकदा एक-दोन दिवसांतच घरी सोडतात. तेव्हा कानात गर्भजलाचा अंश असतो, चाचणी ‘रेफर’ येते आणि दुसऱ्या तपासणीची तारीख दिली जाते. त्या तारखेला आई माहेरी असते, किंवा कुटुंब गावी गेलेले असते. गळती होते ती इथे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणारे बाल स्वास्थ्य पथक अशा बाळाला पुन्हा गाठू शकते, मात्र त्यासाठी पहिल्या अहवालाची नोंद प्रसूतिगृहातून पथकापर्यंत पोहोचावी लागते. सध्या ती बहुधा आईच्या फाइलमध्येच राहते.