देशात ‘रेवा’, लंडनमध्ये ‘जी-विझ’ : एकाच मोटारीच्या दोन ओळखी

बनशंकरी (बेंगळुरू) : निर्यात होणाऱ्या मोटारीचे नाव, वर्गवारी व सुरक्षेचे निकष बाजारपेठेनुसार बदलतात. माझ्दा कंपनीची १९८९ मधील दोन आसनी स्पोर्ट्स कार जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’, तर अमेरिकेत ‘एमएक्स-५ मियाता’ या नावाने विकली गेली. भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे बेंगळुरूत तयार झालेली ‘रेवा’ ही विजेवर चालणारी छोटी मोटार.

निर्मिती

मैनी समूह आणि अमेरिकेतील अमेरिगॉन यांच्या भागीदारीतून १९९४ मध्ये रेवा इलेक्ट्रिक कार कंपनी स्थापन झाली. चेतन मैनी हे तिचे प्रवर्तक. बेंगळुरूजवळील बोम्मसंद्र येथे तयार झालेली ही मोटार २००१ मध्ये भारतीय बाजारात आली. दोन प्रौढ व दोन मुले बसू शकतील एवढी जागा, सुमारे २.६ मीटर लांबी आणि शिसे-आम्ल बॅटऱ्या ही तिची वैशिष्ट्ये होती.

वर्गवारीतील फरक

ब्रिटनमध्ये ‘गोइनग्रीन’ या कंपनीने ती ‘जी-विझ’ नावाने विकली. दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने सुकाणूचे चाक उजवीकडेच राहिले. कायदेशीर ओळख मात्र बदलली. भारतात तेव्हा क्वाड्रिसायकल हा वर्गच नसल्याने तिची नोंदणी मोटार म्हणून होत असे. युरोपात ती ‘अवजड क्वाड्रिसायकल’ ठरली. या वर्गात बॅटरीविरहित वजन ४०० किलो आणि शक्ती १५ किलोवॅट अशी मर्यादा होती. प्रवासी मोटारींना बंधनकारक असलेल्या धडक-चाचण्या या वर्गाला लागू नव्हत्या.

मागणीची कारणेही वेगळी होती. लंडनच्या मध्यभागात फेब्रुवारी २००३ पासून वाहनांवर दररोज ५ पौंड गर्दी-शुल्क लागू झाले. २००५ मध्ये ते ८ पौंड झाले. विजेच्या मोटारींना त्यातून सूट होती. भारतीय शहरांत असे शुल्क नसल्याने येथील ग्राहकाला हा लाभ मिळत नव्हता.

सुरक्षेचा प्रश्न

२००७ मध्ये ‘टॉप गियर’ नियतकालिकाने प्रवासी मोटारींच्या निकषांनुसार ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडक-चाचणी करवून घेतली. आतील व्यक्तीला गंभीर इजेचा धोका असल्याचे त्यात दिसले. ब्रिटनच्या वाहतूक विभागानेही चिंता व्यक्त केली. त्यानंतर आलेल्या ‘जी-विझ आय’ या सुधारित आवृत्तीत सांगाडा मजबूत करण्यात आला व पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविण्यात आले. २००९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीची आवृत्ती आली.

पुढील वाटचाल

मे २०१० मध्ये महिंद्र अँड महिंद्रने कंपनीचा ५५.२ टक्के हिस्सा घेतला. मार्च २०१३ मध्ये ‘ई२ओ’ ही नवी मोटार बाजारात आली.

महाराष्ट्रातील वाळूज येथे तयार होणाऱ्या बजाज ‘क्यूट’चा प्रवास उलट दिशेने झाला. देशांतर्गत नियम निश्चित होण्यास विलंब झाल्याने तिची निर्यात आधी सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये विक्रीस आली. युरो एनकॅपच्या क्वाड्रिसायकल चाचणीत २०१६ मध्ये तिला एक तारा मिळाला होता.

भारतात नव्या प्रवासी मोटारींसाठी धडक-चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक झाली, तर ‘भारत एनकॅप’ ही तारांकन पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. वाहन कोणत्या वर्गात नोंदले आहे, यावर त्याला लागू होणाऱ्या चाचण्या ठरतात. त्यामुळे छोटे वाहन घेताना किंमत व पल्ल्याबरोबरच त्याचा नोंदणीवर्ग पाहणेही ग्राहकाच्या हिताचे ठरते.