आनंदीबाईंचा प्रवेश-अर्ज

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस आले की वडवणीतील घरोघरी एकच चिंता असते. परदेशी विद्यापीठे तर ‘आपणांस का शिकावयाचे आहे’ याविषयी विद्यार्थ्याकडून निबंधच मागवितात. तो लिहिताना वडीलधाऱ्यांनी साहाय्य किती करावे? कचेरीतला अर्ज अर्जनवीसाकडून लिहवून घेण्याची निजामी अमदानीतील रीत आपल्या अंगवळणी पडलेली. म्हणून पालकच लेखणी हाती घेतात. या संदर्भात एका जुन्या अर्जाचे स्मरण आम्हांस उद्बोधक वाटते.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. पत्नीने वैद्यकी शिकावी, या ध्यासाने गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. साहाय्याऐवजी धर्मांतराचा उपदेश पदरी पडला. परंतु तो पत्रव्यवहार मासिकात छापला गेला, न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंशी स्नेह जोडला. वडीलधाऱ्याच्या पत्राने दार किलकिले झाले, ते असे.

आत प्रवेश मात्र आनंदीबाईंच्या स्वतःच्या शब्दांनी मिळविला. एप्रिल १८८३ मध्ये पतीवाचून त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि २८ जून रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास पत्र धाडले. वय अवघे अठरा! त्यात विद्वत्तेचा डौल नाही. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून आपण आलो. आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्या सेवेस समर्थ होण्यापुरतेच आपले मागणे आहे, असा त्याचा आशय. प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. योजिलेली सेवा हातून घडली नाही, ही हळहळ आजही वाटते.

त्या अर्जातील ‘जातीचा विरोध’ हे शब्द ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. पण ते लिहिलेच पाहिजेत. जिने पाठीशी उभे राहावयाचे तीच वाट अडवून उभी होती. आज आपण मुलांना पुस्तके द्यावीत, शुल्काची तजवीज करावी, कागदपत्रे जुळवावीत, लिहिलेले वाचून शंका विचाराव्यात. परंतु लेखणी त्यांच्याच हाती राहू द्यावी. उसन्या शब्दांत मुलाचा निर्धार दिसत नाही. आपल्या मुलींच्या अर्जात तरी ज्ञातीचा उल्लेख विरोधक म्हणून न येता आधार म्हणून यावा, एवढीच आमची प्रार्थना.