चावलेलं टोक

आमचे आबाजी पहाटे ढोरं सोडायला निघाले की वाटेवरच्या कडुनिंबाची करंगळीएवढी जाड काडी तोडत. टोक दाढेखाली चावून चावून त्याचे धागे मोकळे झाले की बांधावर उकिडवं बसून निवांत घासत. शेवटी काडी मधोमध चिरायची, अर्धी वाकवून जीभ खरवडायची अन् फेकून द्यायची. कधी बाभूळ, कधी करंज. बायका घरात राखुंडी नाहीतर भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावत. मिश्रीची डबी साऱ्या वाड्यात फिरे. चावलेली काडी मात्र कोणी कोणाला मागितली नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दातून म्हटलं की गांधीजी आठवतातच. ३० एप्रिल १९३६ ला ते शेगावात आले, १९४० मध्ये त्या गावाचं सेवाग्राम झालं. पण दातुनाची गोष्ट त्याआधीची, येरवडा तुरुंगातली. १९३० मध्ये काकासाहेब कालेलकर तिथे त्यांच्यासोबत होते. वापरलेलं टोक कापून तीच काडी पुन्हा वापरायची, असा बापूंचा आग्रह असल्याचं काकासाहेबांनी लिहून ठेवलंय. तुरुंगात कडुनिंबाला काही तोटा नव्हता, तरी! सगळे याला काटकसर म्हणतात. आरोग्यसेविकेची नोकरी केलेल्या माझ्यासारखीला त्यात आणखी एक सोय दिसते. काल तोंडात गेलेला भाग आज उरतच नाही.

कोलगेट-पामोलिव्हची भारतातली कंपनी १९३७ ची. अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश १९३८ मध्ये बाजारात आला. तोवर ब्रश म्हणजे डुकराचे केस, तो आमच्या आजीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. मग माकडछाप काळी पावडर आली, मूळच्या नागपूरच्या केशव पेंढरकरांची विको वज्रदंती आली. तीही आम्ही बोटानंच घासली. प्लास्टिकचा ब्रश फार उशिरा घरात शिरला. आला तोही एकटाच. मोरीच्या कोनाड्यात उभा, ज्याला शाळेत जायची घाई त्याच्या हाती. मुक्कामी पाहुण्यालाही "घ्या, धुतलाय" म्हणून तोच. काडीला असला पाहुणचार कधी ठाऊक नव्हता.

असा एकच ब्रश साऱ्यांनी वापरला तर लागू शकणाऱ्या हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचं नाव तेव्हा कोणाच्या कानावर नव्हतं. त्याचा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना त्या शोधाबद्दल नोबेल मिळालं ते २०२० साली. हा आजार रक्तातून रक्तात जातो. नीट न उकळलेली इंजेक्शनची सुई, तपासणी न करता चढवलेलं रक्त, जत्रेत साऱ्या आळीला गोंदणारी एकच सुई, या त्याच्या जुन्या वाटा. ब्रश त्यातली अगदी पायवाट. जर्मनीत २००६ च्या एका अभ्यासात ३० रुग्णांचे ब्रश घासून झाल्यावर धुतले, तेव्हा १२ जणांच्या धुवणात विषाणूचा अंश सापडला. अंश सापडला म्हणजे त्यानं कोणाला आजार झालाच असं नव्हे. पण हिरडीतून रक्त येतं, म्हणून ब्रश ज्याचा त्याचाच हवा.

२८ जुलै २०१८ ला हेपॅटायटिससाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सोफोसबुविर, डॅक्लाटासविर या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागल्या. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. आमच्याकडच्या एका पोराचा कोर्स झाला, पुढं १२ आठवड्यांनी रक्त तपासलं, विषाणू नव्हता. तरी चेहरा उतरलेलाच.

"ताई, जुना बरश अजून कोनाड्यातच हाये. त्यानं पुन्हा लागन काय?"

त्याला सांगितलं, तुझ्याच जुन्या ब्रशानं तुला पुन्हा होण्याची भीती नावापुरती. वीस रुपयांचा नवा घे, जुना फेक, मोकळा हो. मात्र एकदा बरा झालास म्हणून कायमचं कवच मिळालं असं समजू नको. दुसऱ्याचं बाधित रक्त अंगात गेलं तर हा आजार पुन्हा होतो. अँटिबॉडीचा रिपोर्ट पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, त्यानं घाबरायचं नाही. विषाणूची वेगळी तपासणी असते, ती पाहायची.

मग मी विचारलं, "दाढी कुठं करतोस?"

"चौकात. तो ब्लेड मोडून अर्धं लावते वस्तऱ्याले."

"तुझ्यासमोर नवं काढतो?"

"ते काही पाह्यलं नाही बा."

त्या ब्रशाची काळजी करत त्याच्या कितीतरी रात्री गेल्या होत्या. वस्तऱ्याचा विचार त्यानं पहिल्यांदा केला तो माझ्या ओसरीवर.